सेंद्रिय धन आयन असलेली युरेनिल संयुगे: स्फटिक वाढवण्यापासून रचना निश्चित करण्यापर्यंत

सेंद्रिय धन आयन आणि युरेनिल गट (एका युरेनियमला दोन बाजूंनी जोडलेले दोन ऑक्सिजन) असलेल्या संयुगांच्या ज्या स्फटिकरचना शोधनियतकालिकांच्या परीक्षकांकडून परत येतात, त्यांतील बहुतेकांमध्ये युरेनियमची जागा अचूकच असते. चूक असते ती इतर ठिकाणी. भारांचा हिशेब जुळत नाही, पाण्याचा रेणू आणि हायड्रॉक्सिल यांत गल्लत झालेली असते, किंवा सेंद्रिय धन आयन प्रत्यक्षात भलताच असतो. युरेनियमच्या ९२ इलेक्ट्रॉनांमुळे रचना लगेच 'सुटते' आणि आर-मूल्यही (मोजलेल्या आणि रचनेवरून काढलेल्या विवर्तनातील तफावत दाखवणारा आकडा) समाधानकारक येते. त्यामुळे बाकीचे तपासण्याची गरज वाटत नाही. म्हणून या लेखात बाटलीतील तयारीपासून अंतिम रिफाइनमेंटपर्यंतचा (रचनेचे प्रतिमान मोजमापांशी जुळवत नेण्यापर्यंतचा) क्रम दिला आहे, आणि जिथे हमखास घसरायला होते तिथे जास्त थांबलो आहे.

उदाहरणासाठी युरेनिल टेट्राक्लोराइड हा द्विभारित ऋण आयन घेतला आहे. यात रेषीय युरेनिल गटाभोवती विषुववृत्तीय, म्हणजे त्या रेषेला लंब असलेल्या प्रतलात चार क्लोराइड असतात. त्याच्या जोडीला दोन वेगळ्या स्वभावाचे धन आयन आहेत: हायड्रोजन बंध देऊ न शकणारा टेट्राएथिलअमोनियम, आणि नायट्रोजनवरील हायड्रोजनमुळे तसा बंध देणारा पिरिडिनियम. सल्फेट, सेलेनेट किंवा कार्बोक्सिलेट असलेल्या संयुगांनाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात. जिथे पडत नाहीत तिथे तसे नमूद केले आहे.

टप्पा १: परवानगी, जागा आणि सामग्री

भारतात युरेनियमची संयुगे बाळगणे आणि वापरणे यांसाठी परवानगी लागते, आणि प्रयोगशाळेच्या किरणोत्सर्ग सुरक्षेवर मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. कपाटात जुनी युरेनिल अ‍ॅसिटेटची बाटली सापडली म्हणून काम सुरू करता येत नाही. संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याकडे तिची नोंद आहे का, हे आधी पाहावे.

विरल, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण घटवलेल्या युरेनियमची किरणोत्सारी तीव्रता दर मिलिग्रॅमला सुमारे १५ बेक्वेरेल असते. इतक्या अल्प वस्तुमानाच्या बाबतीत बाहेरून होणाऱ्या प्रारणापेक्षा शरीरात जाणारी धूळ अधिक घातक ठरते, कारण विद्राव्य युरेनिल क्षार मूत्रपिंडाला इजा करतात. सर्व काम फ्यूम हूडमध्ये, कड असलेल्या ट्रेमध्ये आणि हातमोजे घालूनच करावे. कोरडी भुकटी उघड्यावर खलात वाटू नये. युरेनियमयुक्त द्रव आणि घन कचऱ्यासाठी वेगळी, चिठ्ठी लावलेली भांडी पहिल्या दिवसापासून ठेवावीत. बेसिनमध्ये काहीही ओतू नये.

एका प्रयोगासाठी ०.२५ मिलिमोल युरेनियम भरपूर झाले. युरेनिल अ‍ॅसिटेट डायहायड्रेट वापरल्यास ते १०६ मिलिग्रॅम भरते, आणि त्यात युरेनियम सुमारे ६० मिलिग्रॅम असते. मोठ्या प्रमाणावर केल्याने स्फटिक चांगले येतात ही समजूत खरी नाही, कचरा मात्र नक्कीच वाढतो.

सुरुवातीचा क्षार कोणता घ्यावा यावर मतभेद आहेत. माझ्या मते क्लोराइडसाठी अ‍ॅसिटेट बरे. हायड्रोक्लोरिक आम्लात अ‍ॅसिटेटचे अ‍ॅसिटिक आम्ल होते आणि बाष्पीभवनात बरेचसे निघून जाते. नायट्रेट घेतल्यास ते द्रावणात मागे राहते, संहत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर ऑक्सिडीभवन करणारे मिश्रण तयार होते आणि अ‍ॅमिनवर हल्ला होऊ शकतो. शिवाय कधी कधी नायट्रेटचेच संयुग स्फटिकरूपात बाहेर येते.

> इशारा: युरेनिल नायट्रेट आणि ईथर यांची गाठ घालू नये. अशा द्रावणांचे उन्हात स्फोट झाल्याच्या नोंदी आहेत. ईथरची बाष्पे पसरवून स्फटिक वाढवण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पर्क्लोरेट आणि सेंद्रिय धन आयन यांची जोडीही टाळावी.

टप्पा २: धन आयन आधी तयार करणे

हा टप्पा गाळल्यामुळे जितके प्रयोग फुकट जातात तितके बहुधा दुसऱ्या कशानेही जात नाहीत. युरेनिल आयन आम्लधर्मी असतो. पीएच साधारण ३ च्या वर जाऊ लागला की त्याचे जलीय विच्छेदन सुरू होऊन हायड्रॉक्सिल पुलांनी जोडलेले द्विकेंद्री आणि त्रिकेंद्री आयन तयार होतात, आणि पीएच आणखी वाढल्यावर पिवळा साका खाली बसतो. अ‍ॅलिफॅटिक अ‍ॅमिनांच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए (निम्म्या रेणूंवर प्रोटॉन असतो तो पीएच) १० च्या आसपास असतो. असे अ‍ॅमिन थेट युरेनिलच्या द्रावणात टाकले की जिथे थेंब पडतो तिथे क्षणभर पीएच प्रचंड वाढतो आणि साका धरतो. नंतर आम्ल घातले तरी तो पूर्ण विरघळेलच असे नाही, आणि विरघळला नाही तर त्याचेच सूक्ष्म कण पुढे नको त्या संयुगाची बीजे होतात.

म्हणून क्रम असा ठेवावा.

१. अ‍ॅमिन वेगळ्या कुपीत घ्यावे. ०.५ मिलिमोल पिरिडिन म्हणजे सुमारे ०.०४ मिलि.

२. कुपी बर्फात ठेवून हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने घालावे. उष्णता निघते, पांढरा धूर दिसतो; घाई करू नये.

३. पीएच पट्टीने द्रावण स्पष्ट आम्लधर्मी, म्हणजे १ किंवा त्याहून खाली असल्याची खात्री करावी. एकाहून अधिक नायट्रोजन असलेल्या अ‍ॅमिनांत प्रत्येक नायट्रोजनवर प्रोटॉन बसला आहे असे गृहीत धरू नये. पहिला प्रोटॉन बसल्यावर दुसऱ्याचा पीकेए बराच खाली येतो.

टेट्राएथिलअमोनियमच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही, कारण त्याचा भार कायमचा असतो. मात्र त्याचे क्लोराइड हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. वजन करताना बाटली उघडी राहिली तर तोललेल्यात पाणीच जास्त असते. ०.२५ मिलिमोल युरेनियमसाठी दोन समतुल्य म्हणजे ८३ मिलिग्रॅम लागतात. मी ९१ मिलिग्रॅम, म्हणजे २.२ समतुल्य घ्यायला सांगतो.

> तपासणी: दोन्ही द्रावणे, युरेनिलचे आणि धन आयनाचे, मिसळण्यापूर्वी उजेडासमोर धरून पाहावीत. किंचितही धूसर असल्यास गाळून घ्यावीत.

टप्पा ३: मिश्रण आणि स्फटिकवाढ

१. युरेनिल अ‍ॅसिटेट ३ मिलि संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावे. द्रावण पिवळे आणि स्वच्छ हवे.

२. धन आयनाचे द्रावण हळूहळू, ढवळत घालावे. उलट क्रम चालतो, पण युरेनिल सदैव जास्त क्लोराइडमध्येच राहावे हे पथ्य पाळावे.

३. लगेच साका आला तर धन आयन फार जड किंवा फार जलविरोधी आहे असे समजावे. मिश्रण किंचित गरम करून आम्ल वाढवावे. तरीही विरघळले नाही तर अर्ध्या संहतीवर पुन्हा करावे.

४. स्वच्छ मिश्रण लहान कुपीत गाळून, तोंडावर छिद्रे पाडलेली फिल्म लावून फ्यूम हूडमध्ये, हलणार नाही आणि ऊन पोहोचणार नाही अशा जागी ठेवावे.

जास्त क्लोराइड लागते, कारण युरेनिल आणि क्लोराइड यांचा बंध पाण्यात दुबळा असतो आणि पाण्याचे रेणू क्लोराइडला सहज बाजूला सारतात. उघड्यावर ठेवलेल्या संहत आम्लातून आधी हायड्रोजन क्लोराइडच जास्त उडते आणि संहती सुमारे २० टक्क्यांवर येऊन स्थिरावते. त्यानंतर पाणी आणि आम्ल एकत्र उडतात. सुरुवातीला विरल आम्ल घेतलेल्यांच्या कुपीत याच कारणाने पाणी किंवा हायड्रॉक्सिल बांधलेली वेगळी संयुगे मिळतात. ती कमअस्सल मुळीच नव्हेत, पण ठरवलेले संयुग ते नव्हे. दुसऱ्या टोकाला, धन आयनाचे क्लोराइड फार जास्त घातले तर शेवटी त्याचेच रंगहीन स्फटिक पिवळ्या स्फटिकांत मिसळून येतात.

ऊन टाळण्याला ठोस कारण आहे. प्रकाशाने उत्तेजित झालेले युरेनिल प्रबळ ऑक्सिडीकारक असते आणि अल्कोहोल, कार्बोक्सिलिक आम्ले यांचे ऑक्सिडीभवन करते. युरेनिल ऑक्झलेटची प्रकाश-अभिक्रिया प्रकाशाची मात्रा मोजायला वापरली जाई, इतकी ती खात्रीची आहे. मिथेनॉल किंवा इथेनॉल असलेली कुपी खिडकीत ठेवली आणि द्रावण हिरवट झाले, तर युरेनियमचे चतुःसंयुजी अवस्थेत क्षपण झाले असे समजावे.

बाष्पीभवनात आणखी एक व्यावहारिक अडचण येते. क्षार कुपीच्या कडेवरून वर चढतात आणि बाहेर कोरडा, युरेनियमयुक्त थर तयार होतो. हा थर हातमोज्याने पुसला की तीच धूळ झाली. कडेला आतून ग्रीसचा पातळ पट्टा लावला आणि कुपी मोठ्या बीकरमध्ये ठेवली तर हे बरेच आटोक्यात राहते.

> इशारा: कुपी पूर्ण कोरडी होऊ देऊ नये. शेवटच्या थेंबात उरलेली सगळी अशुद्धी स्फटिकांवर बसते, आणि पाणी धरून असलेले संयुग पाणी गमावून अपारदर्शक होते. थोडा मातृद्रव, म्हणजे स्फटिकांभोवतीचे द्रावण, शिल्लक असतानाच स्फटिक काढावेत.

*ऑटोक्लेव्ह वापरणार असाल तर*

सल्फेट, फॉस्फेट किंवा कार्बोक्सिलेटसाठी टेफ्लॉनचे अस्तर असलेला ऑटोक्लेव्ह अनेकदा लागतो. त्यासाठी इथे थोडकेच सांगतो: भांडे निम्म्याच्या आसपास भरावे, थंड होण्याचा वेग अत्यंत कमी ठेवावा, आणि पीएच आधीही व नंतरही नोंदवावा. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र बंद करून तापवू नयेत. वायू निघून दाब वाढतो.

ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या स्फटिकात टाकलेलाच धन आयन असेल याची मात्र शाश्वती नसते. डायमिथाइलफॉर्ममाइड तापवल्यावर फुटते आणि डायमिथाइलअमोनियम व फॉर्मेट देते. त्याऐवजी डायएथिलफॉर्ममाइड असेल तर डायएथिलअमोनियम मिळतो. अ‍ॅसिटोनायट्राइलच्या जलीय विच्छेदनातून अमोनियम आणि अ‍ॅसेटिक आम्ल येते. मोठा, महागडा धन आयन टाकून शेवटी द्रावकाच्या तुकड्याचेच संयुग मिळाल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि पुढे इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात तो तुकडा पाहून 'अपेक्षित धन आयन अव्यवस्थित आहे' असा निष्कर्ष काढला जातो.

टप्पा ४: स्फटिक निवडण्यापूर्वीच्या चाचण्या

डिफ्रॅक्टोमीटरकडे, म्हणजे स्फटिकाचे क्ष-किरण विवर्तन मोजणाऱ्या यंत्राकडे, धाव घेण्याआधी अर्धा दिवस यावर घालवावा.

पहिली चाचणी ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याची. बहुतेक युरेनिल संयुगे हिरवट-पिवळी चमकतात. रंगहीन सेंद्रिय क्षार चमकत नाही, त्यामुळे मिसळलेले दोन प्रकार लगेच वेगळे दिसतात. मात्र चमक नसणे हा पुरावा मानू नये, कारण काही सेंद्रिय धन आयन ती विझवतात.

दुसरी चाचणी अवरक्त आणि रामन वर्णपटाची. युरेनिलचे असममित ताणकंपन ९०० ते ९५० प्रति सेंटीमीटर या पट्ट्यात अवरक्तात दिसते; टेट्राक्लोराइडमध्ये ते ९१५ च्या आसपास येते. सममित ताणकंपन रामनमध्ये ८३० ते ८७० च्या पट्ट्यात असते. पिरिडिनियमसारख्या धन आयनात नायट्रोजन-हायड्रोजनचा रुंद पट्टा दिसायला हवा. दिसला नाही तर प्रोटॉन बसला आहे का, हाच प्रश्न आधी सोडवावा.

तिसरी चाचणी कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजनच्या विश्लेषणाची. अपेक्षित आकडे आधीच काढून वहीत लिहून ठेवावेत. टेट्राएथिलअमोनियमच्या संयुगाचे रेणुभार ६७२.३ असून त्यात कार्बन २८.६, हायड्रोजन ६.०, नायट्रोजन ४.२ टक्के येतो. पिरिडिनियमच्या संयुगाचे ५७२.१ असून त्यात अनुक्रमे २१.०, २.१ आणि ४.९ टक्के. आकडे रचना सुटल्यावर काढायचे आणि मग नमुना 'ओलसर होता' असे म्हणत फरक मिटवायचा, ही पद्धत सोडून द्यावी. विश्लेषण करून देणारी प्रयोगशाळा किरणोत्सारी नमुने घेते का, हे नमुना पाठवण्यापूर्वी लेखी विचारावे.

टप्पा ५: स्फटिकाचा आकार आणि मापन

इथे बहुतेकांची चूक एकच: सर्वात मोठा, सर्वात सुंदर स्फटिक निवडणे. युरेनियमचे क्ष-किरण शोषण अतिशय तीव्र आहे. मॉलिब्डेनमच्या नळीचे के-अल्फा किरण सुमारे १७.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, तर युरेनियमची एल-३ शोषणसीमा (जिच्या वरच्या ऊर्जेला शोषण एकदम वाढते) १७.१७ वर, म्हणजे नेमकी त्याच्या खाली. त्यामुळे शोषण तर वाढतेच, पण प्रतिदीप्तीने पार्श्वभूमीही वाढते. तांब्याच्या किरणांत शोषण याहून कितीतरी जास्त असल्याने पर्याय असेल तर ते टाळावेत. चांदीची नळी घ्यावी असे कोणी सुचवते. पण तिची ऊर्जा युरेनियमच्या एल-१ आणि एल-२ सीमांच्याही वर जाते, त्यामुळे अपेक्षेइतका लाभ होत नाही.

आकड्यांत पाहू. शोषणांक प्रति मिलिमीटर ७ धरला, जो अशा संयुगांसाठी वाजवी आहे, तर ०.३ मिमी जाडीतून फक्त १२ टक्के किरण पलीकडे जातात. ०.१ मिमी जाडीतून ५० टक्के जातात. पट्टीसारख्या स्फटिकात एका दिशेला ०.०३ आणि दुसऱ्या दिशेला ०.३ मिमी असेल तर दुरुस्तीचा भार किती पडतो ते यावरून कळेल. तिन्ही दिशांना ०.०५ ते ०.१५ मिमी असलेला, शक्य तितका सम आकाराचा स्फटिक घ्यावा.

१. ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक फिरवून तो एकदम पूर्ण काळा होतो का, ते पाहावे. भागाभागाने काळा होत असेल तर तो जुळा, म्हणजे वेगळ्या दिशांचे तुकडे एकत्र वाढलेला, स्फटिक आहे.

२. मोठा स्फटिक कापायचाच असेल तर तेलाच्या थेंबात कापावा. कोरड्यावर कापल्यास कण उडतात.

३. लूपवर चढवून थंड वायूच्या प्रवाहात बसवावा. एकक कोष (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वात लहान ठोकळा) आधी खोलीच्या तापमानाला आणि मग १०० केल्विनला मोजून तुलना करावी. टेट्राएथिलअमोनियमसारख्या चतुर्थक अमोनियमच्या क्षारांत थंड केल्यावर प्रावस्था बदलू शकते. विवर्तनाचे ठिपके दुभंगले, किंवा कोष अचानक दुप्पट झाला, तर तापमान वाढवून मापन करावे. १०० केल्विनचाच आग्रह धरू नये.

४. एकच परावर्तन वेगवेगळ्या कोनांतून पुरेशा वेळा मोजले जाईल अशी आखणी करावी, आणि स्फटिकाच्या बाजूंचे निर्देशांक व मापे नोंदवावीत. शोषण जास्त असेल तेव्हा बाजूंवर आधारित आंकिक दुरुस्ती फक्त मल्टिस्कॅनवर (समतुल्य परावर्तनांच्या तुलनेतून केलेल्या दुरुस्तीवर) विसंबण्यापेक्षा खात्रीची असते.

> तपासणी: मापनानंतर लूप, सुई, काच आणि टेबलाचा भाग ओल्या कागदाने पुसून तो कागद किरणोत्सर्ग मापकाखाली धरावा. डिफ्रॅक्टोमीटर सामायिक असतो. तुमच्यामागून येणारा विद्यार्थी तिथे जेवणाच्या सुट्टीत येणार आहे.

टप्पा ६: स्पेस ग्रुप ठरवणे

टेट्राएथिलअमोनियमच्या संयुगातील सर्व अणूंच्या अणुक्रमांकांच्या वर्गांची बेरीज केली तर एकट्या युरेनियमचा वाटा सुमारे ८१ टक्के येतो. सर्व कार्बन आणि नायट्रोजन मिळून साडेसहा टक्केही भरत नाहीत. विवर्तनाची तीव्रता ढोबळमानाने याच प्रमाणात वाटली जाते. याचा अर्थ, दोन्ही धन आयन चुकीचे असले तरी आर-मूल्य पाहणाऱ्याला शंका येणार नाही.

स्पेस ग्रुप, म्हणजे स्फटिकातील सममितीचा गट, ठरवताना हेच वर्चस्व सापळा बनते. टेट्राक्लोराइड आयन अनेकदा व्युत्क्रम केंद्रावर बसतो. समजा, मोनोक्लिनिक पी २१/सी मध्ये युरेनियम मूळबिंदूवर आहे. तर दुसरा युरेनियम शून्य-अर्धा-अर्धा येथे असतो, आणि परावर्तनाच्या एच, के, एल या निर्देशांकांपैकी के अधिक एल विषम असलेल्या परावर्तनांत युरेनियमचा सहभाग शून्य होतो. ती परावर्तने दुबळी दिसतात, पण सेंद्रिय धन आयनाची मुख्य माहिती त्यांतच असते. त्यांना नगण्य समजून केंद्रित जालक निवडले की धन आयन एकावर एक पडलेले, 'अव्यवस्थित' दिसू लागतात.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. मापनाचा कालावधी दुबळ्या परावर्तनांना पुरेल इतका ठेवावा. विलुप्ती, म्हणजे सममितीमुळे परावर्तनांचा एखादा गट पूर्ण नाहीसा होणे, तपासताना अशा गटाची सरासरी तीव्रता तिच्या मापनदोषाशी ताडून पाहावी; दोषाच्या कितीतरी पट असेल तर गट विलुप्त नाही. आणि धन आयन अव्यवस्थित दिसला की अव्यवस्थेचे प्रतिमान लावण्याआधी कमी सममितीचा स्पेस ग्रुप एकदा वापरून पाहावा.

उलट चूकही होते: केंद्रसममित रचना विनाकारण केंद्र नसलेल्या गटात नेणे. तिथे समान असायला हव्या त्या बंधलांबी एकमेकांपासून विचित्र दूर जातात आणि रिफाइनमेंटमध्ये प्राचलांचे (बदलत्या आकड्यांचे) परस्परसंबंध फार मोठे येतात. ही लक्षणे दिसली तर मागे फिरावे.

टप्पा ७: रिफाइनमेंटचा क्रम

१. शेलेक्सटीसारख्या प्रोग्रामने रचना सोडवून युरेनियम, युरेनिलचे दोन ऑक्सिजन आणि क्लोरीन ओळखावेत. मॉलिब्डेनमच्या किरणांसाठी युरेनियमच्या विसंगत प्रकीर्णनाचे (शोषणसीमेजवळ बदलणाऱ्या प्रकीर्णनाचे) दोन्ही घटक, ऋण ९.७ आणि धन ९.७ च्या आसपास, फाइलमध्ये बरोबर आहेत का ते पाहावे. सिंक्रोट्रॉनची तरंगलांबी असेल तर ते स्वतः भरावे लागतात.

२. प्रथम फक्त युरेनियम विषमदिक् करावा, म्हणजे त्याचे कंपन गोलाऐवजी लंबगोलाने दाखवावे. असे केल्यावर नकाशातील अनेक खोटी शिखरे नाहीशी होतात. कार्बनची शिखरे त्यानंतर निवडावीत, आधी नाही.

३. युरेनियमपासून एक अँगस्ट्रॉमच्या आत उरलेली शिखरे अणू नव्हेत. दर घन अँगस्ट्रॉमला एक ते दोन इलेक्ट्रॉनांपर्यंतची उरलेली घनता इथे नेहमीची आहे. त्याहून बरीच जास्त असेल तर शोषणदुरुस्ती किंवा जुळेपणा पाहावा. तिथे ऑक्सिजन 'ठेवून' आर-मूल्य उतरवू नये.

४. कार्बन आणि नायट्रोजन समदिक् रिफाइन करून मग विषमदिक् करावेत. लंबगोल फार लांबट आले तर मर्यादा घालाव्यात, आणि त्या का घातल्या हे लिहावे.

५. हायड्रोजन भूमितीने बसवावेत. युरेनियमच्या सान्निध्यात मुक्तपणे रिफाइन केलेला हायड्रोजन विश्वासार्ह असणे विरळा. तसा दावा दिसला की मला तरी आधी शंका येते.

पिरिडिनियमच्या वलयात नायट्रोजन कोणता, हा प्रश्न केवळ इलेक्ट्रॉन घनतेवरून सुटत नाही. शेजारील कार्बनशी त्याचा फरक एका इलेक्ट्रॉनचा आहे. क्लोराइडपासून सुमारे ३.२ ते ३.४ अँगस्ट्रॉमवर असलेला वलयातील अणू हायड्रोजन बंध देत असण्याची शक्यता मोठी. दोन जागा सारख्याच पात्र दिसल्या तर वलय दोन्ही प्रकारे बसलेले असू शकते, आणि मग तसेच प्रतिमान लावावे. युरेनिलचे ऑक्सिजन दुबळे ग्राहक असल्याने त्यांच्याकडे जाणाऱ्या बंधाला विषुववृत्तीय क्लोराइडइतके वजन देऊ नये.

> इशारा: अव्यवस्थित धन आयन दिसला म्हणून पोकळीतील घनता मास्क करून टाकू नये, म्हणजे हिशेबातून पुसू नये. द्रावकाचा रेणू पुसला तर भार बदलत नाही. धन आयन पुसला तर उरलेले सूत्र ऋणभारित राहते. मास्क करणे अटळच असेल, तर पुसलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या, मूलद्रव्य विश्लेषण आणि विरघळवलेल्या स्फटिकांचा एनएमआर वर्णपट या तिन्हींनी तो धन आयन सिद्ध करावा.

टप्पा ८: रसायनाची कसोटी

आता आकडे रसायनाशी ताडावेत. युरेनिलमधील बंधलांबी १.७६ ते १.८० अँगस्ट्रॉमच्या आसपास आणि कोन जवळजवळ १८० अंश हवा. टेट्राक्लोराइडमध्ये युरेनियम-क्लोरीन अंतर २.६७ च्या जवळपास येते. सर्व विषुववृत्तीय बंध ऑक्सिजनचे असतील तर त्यांची सरासरी चार बंधांना २.२८, पाचांना २.३७ आणि सहांना २.४७ अँगस्ट्रॉम असते.

ऑक्सिजनयुक्त संयुगांसाठी बंध-संयुजा बेरीज (प्रत्येक बंधाच्या लांबीवरून काढलेल्या संयुजेच्या वाट्यांची बेरीज) अवश्य काढावी. बर्न्स, यूइंग आणि हॉथॉर्न यांनी १९९७ मध्ये दिलेली प्राचले २.०५१ आणि ०.५१९ अँगस्ट्रॉम अशी आहेत: २.०५१ मधून बंधलांबी वजा करावी, ०.५१९ ने भागावे आणि येणाऱ्या संख्येचा घातांकी घ्यावा. १.७८ लांबीच्या दोन आणि २.३७ लांबीच्या पाच बंधांची बेरीज ६.०८ येते, म्हणजे युरेनियम षट्संयुजी.

हीच बेरीज ऑक्सिजनसाठी केली की न दिसणारे हायड्रोजन कळतात. २.४७ अँगस्ट्रॉमवरील एकट्या टोकाच्या ऑक्सिजनला ०.४५ मिळतात, तो पाण्याचा रेणू. दोन युरेनियमना २.३४ अंतरावरून जोडणाऱ्याला १.१५ मिळतात, तो हायड्रॉक्सिल. तीन युरेनियमना २.२४ अंतरावरून जोडणाऱ्याला २.०८ मिळतात, त्याच्यावर हायड्रोजनला जागाच नाही. भार जुळवण्यासाठी कुठल्या तरी ऑक्सिजनवर हायड्रोजन चढवणे किंवा उतरवणे हा उपाय या बेरजेपुढे टिकत नाही. बेरीज एक सांगत असेल आणि भार दुसरे, तर धन आयनांची संख्या किंवा त्यांच्यावरील प्रोटॉन पुन्हा मोजावेत. दोष बहुधा तिथेच सापडतो.

टप्पा ९: उरलेल्या ढिगाची तपासणी

एका स्फटिकाची रचना म्हणजे कुपीतील सगळ्या पदार्थाची रचना नव्हे. उरलेल्या नमुन्याचा पावडर विवर्तन आलेख बंद धारकात घ्यावा आणि रचनेवरून काढलेल्या आलेखाशी ताडावा. रचना १०० केल्विनची आणि पावडर खोलीच्या तापमानाची असेल तर शिखरे किंचित सरकलेली दिसतील, तेवढे चालते. जास्तीची शिखरे मात्र समजावून सांगावीच लागतात. खोलीच्या तापमानाला मोजलेला एकक कोष टप्पा ५ मध्ये नोंदवून ठेवला असेल, तर आलेख त्याच कोषाने काढल्यास तुलना सरळ होते.

चेकसीफ या रचना तपासणाऱ्या प्रोग्रामच्या 'ए' आणि 'बी', म्हणजे सर्वात गंभीर पातळीच्या सूचनांना उत्तर देताना 'जड अणूमुळे' एवढेच लिहू नये. कोणता अणू, किती अंतरावर, कोणती दुरुस्ती वापरली आणि स्फटिकाची मापे काय होती, हे द्यावे. कृतीच्या परिच्छेदात आम्लाची संहती, धन आयनाचे समतुल्य प्रमाण, घालण्याचा क्रम, स्फटिक येईपर्यंत लागलेला काळ आणि कुपी अंधारात होती की उजेडात, या पाच गोष्टी लिहाव्यात; संयुग पुन्हा करू पाहणाऱ्याला नेमक्या याच सापडत नाहीत.